बाकावरची तालीम

कुसुमताईंची आणि माझी पहिली भेट दवाखान्याच्या बाकावर झाली, आणि ती काही फारशी गोड नव्हती. आईला घेऊन मी भाईंदरच्या एका दवाखान्यात बसले होते. आई रत्नागिरीची, डॉक्टरांकडे जायचं म्हणजे ठेवणीतली साडी आणि चेहऱ्याला पावडर हवीच. शेजारच्या बाईंनी तिला न्याहाळून विचारलं, "लग्नाला निघालात की दुखणं सांगायला?" मला राग आला. आई मात्र हसली.

त्याच कुसुमताई. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्या भाईंदरच्याच गोडदेव भागातल्या रुग्णांना सोबत म्हणून दवाखान्यात जाऊ लागल्या होत्या. त्यांची एक पद्धत आहे, तिला आम्ही तालीम म्हणतो. आत जाण्याआधी बाकावर त्या स्वतःच डॉक्टर होतात आणि काय होतंय ते विचारतात. त्या दिवशी आईलाही त्यांनी तसंच विचारलं, तर आईने नेहमीचं उत्तर दिलं, काही नाही, जरा पित्त. "मग या आता," म्हणून ताईंनी डॉक्टरांच्या थाटात तोंड फिरवलं.

आई गोंधळली. मग हळूच म्हणाली, "जिना चढताना छाती दाबल्यासारखी होते. मधेच थांबते मी. कोणी बघितलं तर शेजारणीशी बोलतेय असं दाखवते."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. डॉक्टर हिंदी बोलणारे आणि आईला हिंदीत 'ठीक है साब' एवढंच यायचं. आधीही तेवढंच सांगून ती पित्ताच्या गोळ्या घेऊन आली होती. आत गेल्यावर ताईंनी तिला मराठीत बोलू दिलं आणि त्याचं जसंच्या तसं हिंदी केलं, पदरचं काही घातलं नाही. डॉक्टरांनी लगेच कार्डिओग्राम काढायला लावला. पुढच्या तपासण्यांत कळलं, हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. वेळेवर उपचार झाले म्हणून आज आई आहे.

पुढे मीही ताईंबरोबर जाऊ लागले. आपण डॉक्टरांशी भांडायला जात नाही, हा त्यांचा पहिला धडा. रुग्णाचं खरं दुखणं आत पोचलं पाहिजे, आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्याला बाहेर येऊन सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर पुन्हा आत. दारावरचे शिपाई यावर वैतागतात. ताई त्यांच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवतात.

अशा ताईंनाच मध्यंतरी चक्कर आली. दवाखान्यात नेलं, तर इस्त्रीची साडी नेसून म्हणतात कशा, मला काही झालेलं नाही. आई त्यांच्यासमोर बसली आणि काय होतंय ते विचारलं. ताई म्हणाल्या, काही नाही.

"मग या आता," आईने तोंड फिरवलं.

मग ताई म्हणाल्या, "भीती वाटते हो, वहिनी. घरी एकटी असते." त्यांच्या तोंडून असं काही आम्ही कधी ऐकलं नव्हतं. आईने त्यांचा हात धरला आणि दोघी तशाच आत गेल्या. रक्तदाबाचं औषध सुरू झालं, आता ताई ठणठणीत आहेत.

ताई, आज तुमची पंचाहत्तरी; या आनंदात तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो हीच मनापासून इच्छा. आणि तब्येत कशी आहे असं कोणी विचारलं, तर खरं ते सांगा. आई बाकावर जागा धरून बसली आहे.