दोनशे दहा पाकिटं आणि एक सॉफ्टवेअर इंजिनिअर

दोनशे दहा पाकिटांवर पत्ते लिहायला पाच माणसांना पावणेदोन तास लागतात. तेच काम कॉम्प्युटरवर केलं, तर सकाळी नऊला बसून दुपारी तीनपर्यंत एकही पाकीट होत नाही. हे मी अनुभवानं सांगतोय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचं, सोनालीचं लग्न ठरलं होतं. गुलमंडीतल्या छापखान्यातून पत्रिका उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी आल्या होत्या आणि त्या दिवशी संध्याकाळी पाचला काका गाडी घेऊन खुलताबादला निघणार होते. पहिली पत्रिका तिथल्या मारुतीपुढं, दुसरी आत्याच्या हातात, मग आजूबाजूची गावं. यात आत्या फार महत्त्वाची. माझ्या लग्नाची पत्रिका मी तिला मोबाईलवर पाठवली होती (तेव्हा मला ते आधुनिक वाटलं होतं!). ती आली, तिनं अक्षता टाकल्या, घोटभर पाणी घेतलं आणि न जेवता निघून गेली! त्याला नऊ वर्षं झाली. अजून दर दिवाळीला तो विषय निघतो.

"दादा, या वेळी आत्याला पत्रिका आजच हातात मिळाली पाहिजे," सोनालीनं बजावलं. "ती जेवली नाय, तर मी पण जेवणार नाय."

"संतोष, बस खाली. हातानं लिहून टाकू," आई वही काढत म्हणाली. तिच्या वहीत सगळे पाहुणे गाववार उतरवलेले होते.

"आई, कोणत्या जमान्यात आहेस? यादी कॉम्प्युटरवर आहे. स्टिकरवर छापायची, चिकटवायची. दहा मिनिटं!"

आमच्या घराचं 'लग्न' नावाचं एक सामायिक फोल्डर होतं. त्यात काही टाकलं, की ते घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर दिसायचं. यादी त्यातच होती. लेबलं छापायचा एक फुकटातला प्रोग्रामही माझ्याकडं होता. तळमजल्यावर काकांच्या खोलीत घरातला एकमेव प्रिंटर आहे. त्यात मी स्टिकरचे बारा कागद (एका कागदावर अठरा स्टिकर) भरून आलो. वर येऊन पडद्यावर पाहतो, तर प्रत्येक लेबलाची शेवटची ओळ बाहेर! आत्याचं नाव होतं, गल्ली होती, आणि खुलताबाद स्टिकरच्या खाली सांडलेलं.

कुणाही शहाण्या माणसानं अक्षर थोडं बारीक केलं असतं. मी प्रोग्रामच दुरुस्त करायला घेतला.

आमच्या धंद्यात पॅकेज मॅनेजर नावाची एक सोय असते. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप केला, की हवा तो प्रोग्राम हजर. हुकूम थोडा वेगळा दिला, तर तयार प्रोग्रामऐवजी त्याचा मूळ सोर्स कोड येतो. म्हणजे तयार इमरतीऐवजी हलवायाची कृतीच हातात! तिच्यात समासाचा एक आकडा बदलायचा, की खुलताबाद वर. पण हा प्रोग्राम आणखी बऱ्याच प्रोग्रामांच्या जिवावर चालत होता. म्हटलं, एकेकाला कुठं बोलवत बसायचं? सगळ्यांचाच सोर्स एकदम मागवला. आमच्याकडं चूलबंद आमंत्रण देतात ना, घरात चूल पेटवू नका, झाडून सगळे जेवायला या म्हणून, अगदी तसं!

आणि सगळे आले. पडद्यावर ओळी सुसाट पळू लागल्या. माझी बायको रेखा चहा घेऊन आली.

"बघ, कसं पळतंय!" मी म्हणालो.

"पळतंय ते दिसतंय. पण कुठं चाललंय?"

हा प्रश्न मी सुरुवातीलाच स्वतःला विचारायला हवा होता. कारण पॅकेज मॅनेजर बिचारा आज्ञाधारक असतो. तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे असाल, तिथंच तो सगळं सामान उलगडून ठेवतो. मी यादी बघायला 'लग्न' फोल्डरमध्ये शिरलो होतो आणि अजून तिथंच उभा होतो!

"संतोष," आई मोबाईल लांब धरून म्हणाली, "लग्नाच्या फोल्डरात चार हजार काय तरी आलंय. आहेर हाय का रं?"

मी चहा टाकून खाली पळालो. कारण काका कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधून रिटायर झालेले. लग्नाच्या फोल्डरमध्ये आलेला प्रत्येक कागद छापायचा, त्याला आवक क्रमांक द्यायचा आणि फाईलला लावायचा, असा नियम त्यांनीच केला होता. मी पोचलो तेव्हा प्रिंटर घरघरून नुकताच थांबला होता.

"आरं, हे लग्न हाय का खटला?" काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "समदं इंग्रजीत. बारा पानं निघाली अन् कागद संपला."

"काका, ते स्टिकर होते!"

"व्हय का? तरीच म्हणलं, कागद लई जाड लागतोय."

प्रत्येक सोर्सबरोबर परवान्याची एक फाईल येते. या प्रोग्रामची कसलीही वॉरंटी नाही, नुकसान झाल्यास आम्ही जबाबदार नाही, असं त्यात मोठ्या इंग्रजी अक्षरांत बजावलेलं असतं. काकांनी नेमकं तेच छापलं होतं. बाराही कागदांवर आवक क्रमांक पडले होते.

आता निदान फोल्डर तरी साफ करावं, म्हणून मी वर येऊन सगळं पुसलं. इतकं चकाचक पुसलं, की सोनाली किंचाळली, "दादा, यादी कुठंय?"

(पुसलेली यादी परत आणता येते. फक्त ती चार हजार फायलींच्या ढिगातून आधी शोधावी लागते.)

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. आईनं वही उघडली. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती नावं सांगू लागली, सोनाली, रेखा आणि मी लिहू लागलो, आणि काका पाठीमागं बसून पाकिटं बंद करू लागले.

खरं सांगू? मजा आली. आई प्रत्येक नावाला थांबायची. "ह्यानं तुझ्या बारशाला पाळणा बांधला व्हता." "हिच्या हातचे धपाटे तू चोरून खाल्लेस." अर्धी माणसं मला त्या दुपारी पहिल्यांदा कळली. आत्याचं पाकीट सोनालीनं स्वतः लिहिलं, खुलताबाद चांगलं ठसठशीत. पाचला दहा कमी असताना काका निघाले.

सात वाजता आत्याचा फोन आला. मी घाबरत स्पीकर लावला.

"पत्रिका पोचली रं. हातात पोचली! लग्नाला येते अन् पोटभर जेवते, सोनीला सांग."

सोनालीनं मला मिठीच मारली. मी कॉलर ताठ करणार, एवढ्यात आत्या पुढं म्हणाली, "पर सून म्हणती, पाकिटाच्या मागं इंग्रजीत लिवलंय. कसलीच वॉरंटी नाय, नुकसान झालं तर आमच्याकडं येऊ नका. हे कुणाबद्दल? नवरदेवाबद्दल, का आपल्या सोनीबद्दल?"

मागून काकांचा आवाज आला, "डिंक संपला व्हता. चांगले स्टिकर कशाला वाया घालवायचे? समद्या पाकिटांना तेच लावले!"

दोनशे दहाच्या दोनशे दहा!

आईनं शांतपणे फोन हातात घेतला. "वन्सं, ते जावयाबद्दल नाय अन् लेकीबद्दल बी नाय. ते आमच्या इंजिनिअरबद्दल हाय."

"मग माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर का नव्हतं चिकटवलं?" रेखा म्हणाली.

"कुठं चिकटवणार बाई?" आत्या म्हणाली. "तुमची पत्रिका मोबाईलवर आलती ना!" आणि खुलताबादहून उस्मानपुऱ्यापर्यंत ऐकू येईल अशी हसली.

नऊ वर्षांचा तिचा राग त्या हसण्यात निघून गेला. त्या दिवशी माझ्या हातून दुरुस्त झालेली ती एकमेव गोष्ट, आणि तीसुद्धा मी दुरुस्त करायला घेतलीच नव्हती!