एक्कावन्न किलोतला सगळ्यात मोठा

एक्कावन्न किलोच्या गटात आजवरचा सगळ्यात मोठा बॉक्सर कोण, यावरून दादाचं आणि माझं पंचवीस वर्षं भांडण चालू आहे. जड वजनांतले बॉक्सर सगळ्यांनाच माहीत असतात. आम्ही दोघं शाळेत असताना एक्कावन्नमध्ये खेळायचो, त्यामुळे बाकीच्या गटांशी आम्हाला घेणंदेणं नाही.

दादा माझ्याहून दीड वर्षाने मोठा. गावी, पोशेऱ्याला, तो भात-नाचणी करतो आणि झोडणी उरकली की वहिनीला घेऊन ठाण्याकडे इमारतींच्या कामावर जातो. मी जव्हारला शिक्षक आहे. त्याचा मोठा बॉक्सर म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा एक खाणकामगार, माझा हल्लीचा एक डावखुरा.

यंदा झोडणीला मी रविवारी गावी गेलो. दुपारी भाकरी खाऊन आम्ही खळ्यातच बसलो, कारण मोबाइलला रेंज तिथेच मिळते. मी माझ्या डावखुऱ्याची एक लढत लावली. दादाने ती शेवटपर्यंत पाहिली.

"हात चांगलाय," तो म्हणाला. "पण ह्याचं वजन आदल्या दिवशी करतात. मंग रातभर खाऊन-पिऊन चार किलो चढवून रिंगमधी येतो. हा एक्कावन्नचा कसा? माझावाला वजन झालं की त्याच दिवशी लढायचा. तेबी वीस-वीस राऊंड."

"तेव्हा लढणारे होतेच किती, दादा? आज सगळ्या जगातून येतात."

"पण काटा खरा होता."

"काट्याचं तू नको बोलू," मी हसत म्हटलं. "काट्यावरच फायनल घालवलीस."

हे मी त्याला नेहमी म्हणायचो. जिल्ह्याच्या निवडीत आम्ही दोघंही फायनलला पोचलो होतो, समोरासमोर. जिंकेल तो राज्याला जाणार होता. त्या सकाळी दादा चारशे ग्रॅम जास्त भरला. सरांनी वजन उतरवायला तासभर दिला. दादा दोन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारत राहिला आणि परत काट्यावर चढला, तर वजन आणखी वाढलेलं. सगळे हसले. मीही हसलो. मी न लढताच जिंकलो, राज्याला कांस्य मिळवलं, आणि पुढे डी.एड. झाल्यावर त्याच प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या जागेत नोकरीला लागलो.

दादा पेंढ्याची काडी दातात धरून बसला होता.

"पाणी प्यालो होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"पहिल्यांदा काट्यावर चढायच्या आधी. नंतर पळताना शाळेच्या मागच्या नळावर. पोट दुखेपर्यंत प्यालो."

"का?"

"मी दहावी नापास. मेडल घेऊन काय करणार होतो? तू पास होणार व्हतास."

"लढलो असतो ना आपण. मी जिंकलो असतो कदाचित."

"नाय," तो अगदी साधेपणाने म्हणाला. "मी हरवलं असतं तुला. आणि मुद्दाम हरलो असतो तर सरांना कळलं असतं."

मोबाइलवर पुढची लढत आपोआप सुरू झाली होती. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. पायाला भाताचं कुसळ लागलं होतं, ते खाजत होतं, एवढंच कळत होतं. मग वहिनीने हाक मारली आणि आम्ही उठून पुन्हा झोडायला लागलो. अंधार पडायच्या आत मी मोटारसायकलवरून जव्हारला परतलो.

सोमवारी हजेरी घेतली, चौथीला भागाकार शिकवला. बायकोला सगळं सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी जेवत होतो. भाजीत मीठ कमी आहे असं म्हणालो. ती माझ्याकडे बघतच राहिली.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा दादाने पुन्हा खाणवाल्याचा विषय काढला. मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं. तुझावालाच मोठा."

त्याने हातातला पेंढा खाली टाकला. "असं नको करू," तो म्हणाला. "पटलं नाय तर तसं बोल. उपकार फेडल्यासारखं हो म्हणू नको."

मला खरंच पटलेलं नव्हतं. तसं सांगितलं. तो मान हलवून कामाला लागला.

पंधरा दिवसांनी दादा-वहिनी ठाण्याकडे कामाला निघाले, तेव्हा मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. गाठोडी टपावर चढवली. वहिनी खिडकीशी बसली, दादा तिच्या पलीकडे. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवून आलो होतो. गाडी सुरू झाली तेव्हा तोंडातून निघालं, "पोचलात की फोन कर." त्याने हात वर केला. गाडी वळणापलीकडे गेली तरी मी तिथेच उभा होतो. मग कंडक्टरांच्या खोलीशेजारी चहा घेतला आणि शाळेची वेळ झाली म्हणून निघालो.