आग्येकुमचं मशीन घोरतं

आमच्या बेकवाई गावात मेलेल्या माणसाची जेवढी बडदास्त ठेवतात, तेवढी जिवंतपणी ठेवली असती तर निम्मे लोक मेलेच नसते. माझी तक्रार नाही हो. मी मयताचे काळे-लाल कपडे शिवते, माझी चूल त्यावरच पेटते. शेजारच्या दुकानात क्वाकू आग्येकुम मयताच्या पुस्तिका करतो. फोटो, जीवनकथा आणि मागे राहिलेल्यांची नावं. नावंच बारा पानं भरतात, आणि एखादा नातू सुटला तर अख्खं कुळ दारात येऊन भांडतं.

आग्येकुम म्हणजे चहाची एक पिशवी तीन कपांत बुडवणारा माणूस. त्याचा कॉम्प्युटर मात्र उधळ्या. आतला पंखा असा गरगरायचा की मला माझी कात्री ऐकू यायची नाही. गिऱ्हाइकांना ते आवडायचं. 'मशीन कष्टाळू आहे,' म्हणायची.

सात वर्षांपूर्वी त्याला पहिल्यांदाच मोठ्या कुळाचं काम मिळालं. सेरवा आजी गेल्या होत्या. गुरुवारी संध्याकाळपर्यंत पुस्तिका कुमासीच्या छापखान्यात पोचवायची होती, आणि मंगळवारी ट्रान्सफॉर्मर जळाला. आग्येकुमजवळ ट्रकची एक जुनी बॅटरी होती. ती जेमतेम दोन तास पुरायची, काम उरलं होतं चार तासांचं. पलीकडच्या गल्लीत जनरेटर असलेला दुसरा पुस्तिकावाला काम पळवायला टपून बसलेलाच होता.

बुधवारभर विजेची वाट पाहून गुरुवारी बारा वाजता आग्येकुमने मशीन चालू करतानाच एक कळ दाबली, आतल्या सेटिंगच्या निळ्या पडद्यावर गेला आणि प्रोसेसरची वीजबचत चालू केली.

"आंटी, मी एखाद्या आत्याचं नाव आठवत बसलो तरी हा आपला धावतोच," तो म्हणाला. "आता मी थांबलो की हाही थांबेल."

पंख्याचा आवाज गेला. तासाभरात गल्लीभर झालं की आग्येकुमचं मशीन गेलं. एक बाई तर मला विचारून गेली, कापड कोणत्या रंगाचं ठरलंय म्हणून.

दोन वाजता कुळातले लोक आले. आग्येकुमने आधी पाणी दिलं, मग कशासाठी आलात ते विचारलं. माहीत असलं तरी विचारावंच लागतं. कुळप्रमुख समोरच बसला होता, पण रीतीप्रमाणे त्याचं बोलणं त्याचा भालदार बाफूर सांगायचा. बाफूर दांडा टेकत उठला.

"तुझ्या घरी काही झालंय असं कानावर आलं. सांत्वनाला आलो. आणि आजींचे फोटो परत न्यायला."

"अहो नाना, मशीन जिवंत आहे! हा बघा, पडदा चालू आहे."

प्रमुख पुटपुटला. बाफूर म्हणाला, "प्रमुख म्हणतात, सेरवा आजीसुद्धा शनिवारी पावडर लावून दर्शनाला पलंगावर बसवल्या की उजळ दिसणार आहेत. श्वास आहे का ते सांग."

"श्वास कमी केलाय, नाना. बॅटरी पुरावी म्हणून."

"आमच्या काकांनीही असाच कमी केला होता," मागून एक म्हातारी म्हणाली. "सोमवारी. परत वाढवलाच नाही."

आग्येकुमचा चेहरा इतका पडला की मला राहवेना. "मग बसा ना कोणीतरी जवळ! आजारी माणसाजवळ बसत नाही का आपण?"

हे सगळ्यांना पटलं. बाफूर मशीनजवळ बसला, बाकीचे बाहेर माझ्या बाकावर.

पोटात फुफूचे जड गोळे, दुपारची वेळ, आणि दुकानात चिडीचूप. पाव तासात आतून घरघर ऐकू आली. म्हातारी ताडकन उठली. "ऐकलंत? शुद्धीवर आलं!" प्रमुखाने समाधानाने मान हलवली.

मी दारातून डोकावले. बाफूर दांड्यावर हनुवटी टेकून घोरत होता, आणि त्याची झोप मोडू नये म्हणून आग्येकुम बोटांच्या टोकांनी कळा दाबत होता. मी दाराचा पडदा ओढून घेतला. "मशीन कामात आहे," मी सांगितलं. "कोणी आत जाऊ नका."

चार वाजता काम संपलं, बॅटरीत अजून थोडी धुगधुगी होती. बाफूर डोळे चोळत बाहेर आला. प्रमुखाने त्या दिवशी प्रथमच स्वतःच्या तोंडाने विचारलं, "काय रे, मशीन जिवंत होतं ना?"

बाफूरने आग्येकुमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग हनुवटीवरची लाळ पुसली. "मला काय विचारता?" तो म्हणाला. "सगळ्यांनी ऐकलंय."

तेव्हापासून प्रत्येक कुळ हट्ट धरायचं की बाफूरने मशीनजवळ बसावं. आग्येकुमने त्याच्यासाठी एक उशी करून घेतली. मीच शिवली.

गेल्या महिन्यात बाफूर गेला. त्याची पुस्तिका करायला आग्येकुम बसला तेव्हाही वीज नव्हती. त्याने बाफूरची रिकामी उशी झटकून जवळ ठेवली. मग त्याने मशीन बंद केलं, पुन्हा लावलं, निळ्या पडद्यावर गेला आणि वीजबचत काढून टाकली. पंखा गरगरू लागला.

"अरे, बॅटरी संपेल," मी म्हणाले.

"संपू दे, आंटी. इतक्या शांततेत मला त्याचं नाव लिहिता येईना."