मिहराबाचं डोकं

कैरोवानच्या गालिचा सोसायटीत संगणकाशी झगडत हमादीला अठरा वर्षं झाली होती. डोळे खोल गेलेले, पाठ कामातून गेलेली. आज दुपारी नव्या वेबसाइटची परीक्षा. पानं झटक्यात उघडली नाहीत, तर काम राजधानीतल्या कंपनीकडे जाणार आणि बावन्नाव्या वर्षी हमादी घरी बसणार.

पान मांडायला गालिच्याच्या प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी आधी कळावी लागे. त्याचा पायथनमधला प्रोग्राम त्यासाठी अख्खा फोटो उलगडायचा. असे नऊ हजार. यंत्र म्हाताऱ्या गाढवासारखं अर्ध्यातच बसकण मारी.

सकाळी तो कॉफी घेऊन गोदामात टेकला. समोर जुनी विणकरीण मब्रूकामावशी गालिचे लावत होती. कोपरा उलटायची, मागचा शिक्का वाचायची, गठ्ठ्यावर टाकायची.

"मावशी, उलगडून बघत नाहीस?"

"माप शिक्क्यावर असताना? तुझी अक्कल उंटानं चरली का रे?"

कॉफी तशीच ठेवून हमादी उठला. फोटोच्या फाइलीतही रंगांच्या आधी, सुरुवातीलाच माप लिहिलेलं असतं. तेवढं वाचायचं, फाइल मिटायची. कॉफी निवायच्या आत नऊ हजार मोजून झाले.

मागोमाग आलेली मावशी पडद्यावर वाकली. "अरे मेल्या! नमाजाच्या गालिच्यावरच्या मिहराबाचं डोकं कुठाय?"

चौकट आडवी, आत उभा गालिचा; त्यावर विणलेल्या मिहराबाच्या कमानीचा शेंडाच छाटलेला. विणकर बायका गच्चीवरून गालिचा लोंबता सोडून फोन उभा धरतात. फोन माप आडवंच लिहितो आणि शेजारी नोंद करतो, की फोटो वळवून घ्या. हमादीनं ती नोंद वाचलीच नव्हती.

"शिक्का वाचलास," मावशी म्हणाली, "पण गालिचा धरलाय कसा, ते कोण बघणार? तुझा आजा?"

हमादीनं उसासा टाकून पुन्हा मांडी ठोकली. नोंद वाचून लांबी-रुंदीची अदलाबदल करायची. चार ओळींचं काम, पण बोटं उचलेनात; तरी परीक्षेआधी उरकलं.

दुपारी सोसायटीचे अध्यक्ष मुन्सिफ यांनी पानं पाहिली. "चालेल. आता पितळेच्या भांड्यांच्या पानांचंही हमादीच बघेल."

नोकरी वाचली. हमादीला मात्र आणखी चार हजार फोटो दिसू लागले.

"मावशी, जरा सरक," म्हणत तो गोदामातल्या गठ्ठ्यावर आडवा झाला.

"पड. पण पाय किब्ल्याकडे, नमाजाच्या दिशेला, करू नकोस. आज तेवढं तरी पहिल्या फटक्यात नीट मांड."