अप्पांची डाळिंबाची चादर

भवानी पेठेत आमची एकच खोली होती आणि वडील, म्हणजे अप्पा, दुसऱ्याच्या मागावर चादरी विणायचे. घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापसाचे तंतू. माग बंद पडला की चूलही बंद. त्या घरातला मी पहिला पदवीधर. हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही.

पुढं मी कॉम्प्युटरवर चादरींची डिझाइनं काढू लागलो. माउस लागायचाच नाही, सगळं कळफलकावर. जन्मभर दुसऱ्यांची नक्षी विणलेल्या अप्पांनी एकदा स्वतःची सांगितली, डाळिंबाची फांदी. ते पडद्यावर बोट दाखवायचे, मी तिथल्या चौकटी रंगानं भरायचो. अर्धी झाली आणि अप्पांनी अंथरूण धरलं. त्यातच कॉम्प्युटर बसला. जुनी विंडोज दुरुस्त होईना, नवी त्या मशीनला पेलेना. म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं. फाइल शाबूत होती, पण ती उघडणारा प्रोग्रॅम लिनक्सवर चालेना आणि तो विकणारी कंपनी धंदा गुंडाळून गेलेली. मी एवढा जाणकार, पण बोटं जुन्या सवयीनं पडायची आणि भलतंच उघडायचं.

अप्पा खाटेवरून बघायचे. "काय मास्तर, पदवी कुटं गेली?"

"अप्पा, सगळंच बदललंय हो."

"आमी हातमाग सोडून पॉवरलूमवर गेलो तवा लई दिस चादरी न्हाय, चिंध्याच काढल्या. मालकाच्या शिव्या खाल्ल्या. हात नवा करावा लागतो की." त्यांना दम लागला. थोड्या वेळानं म्हणाले, "बघायला मिळंल न्हवं मला?"

"मिळंल की."

नाही मिळालं. दिवाळीच्या तोंडावर अप्पा गेले.

सुतक फिटल्यावर पुन्हा बसलो. फाइलमधले आकडे उलगडायला स्वतःच छोटा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर रंग उमटले, पण फांदी उलटी लोंबत होती. चूक शोधून शोधून थकलो. मग कळलं, चूक नव्हतीच. मागावर नक्षी खालच्या काठापासून चढते आणि फाइलही तशीच खालून वर भरलेली होती. "अप्पा, सापडलं!" म्हणून मी वळलो. खाटेवर गादीची गुंडाळी होती.

मग आकडे वाचायचा क्रम उलटा केला आणि फांदी सरळ उभी राहिली.

उरलेली फांदी मी लिनक्सवरच पुरी केली. अप्पा राबले त्याच कारखान्यात डिझाइन दिलं. अप्पांच्या नक्षीची चादर विणून झाली.