नलिनीबाईंची साक्ष

बाग सेवनियातल्या कॉलनीत नलिनी खानझोडे यांना सगळे 'टीचरजी' म्हणत. नवरा विश्वनाथ सरकारी नोकरीपायी नागपूरहून भोपाळला आलेला; बाहेर अबोल, घरात कमरेचा पट्टा काढणारा. मुलाच्या, विक्रांतच्या अंगावरचे वळ कुणी पाहिले की नलिनीबाई म्हणायच्या, "जिन्यावरून पडला." विश्वनाथ गेला, तेव्हा ते सगळं त्याच्याबरोबर जळून गेलं असं त्या धरून चालल्या.

मग एका रविवारी गाडी लावण्याच्या जागेवरून विक्रांतची शेजारच्या गोविंद मालवीयशी जुंपली. विक्रांतनं जॅकचा लोखंडी दांडा त्याच्या डोक्यात घातला. दवाखान्यात पोचायच्या आत गोविंद गेला.

वकील हेमंत मुजुमदार मूळचे इंदूरचे. त्यांनी विक्रांतच्या रक्ताची तपासणी करवून घेतली.

"काकू, एक जनुक असतं. त्याचा ठरावीक प्रकार असलेल्या मुलानं लहानपणी मार खाल्ला, तर मोठेपणी त्याचा हात लवकर उठू शकतो, असं काही संशोधक म्हणतात. विक्रांतमध्ये तो प्रकार निघालाय. माराचं तुम्ही सांगायचं."

"भर कोर्टात?"

"खून ठरला तर निदान जन्मठेप. सदोष मनुष्यवध ठरला तर काही वर्षांत बाहेर येईल."

नलिनीबाईंनी सांगितलं. पट्टा, न्हाणीत कोंडणं, उपाशी निजवणं. विक्रांतनं मान वर केली नाही.

सरकारी वकील उठले. "आपकी बेटी भी उसी घर में पली?"

"जी. रसिका."

"मार उसने भी खाई?"

"खाई."

"कभी किसी पर हाथ उठाया?"

"नहीं."

ते न्यायाधीशांकडे वळले. "और अगर ये सचमुच ख़ून में है, तो कल फिर किसी को मारेगा. किस भरोसे छोड़ें?"

जनुक काहीही असो, आपण काय करतोय हे आरोपीला कळत होतं, असं न्यायाधीशांनी निकालात म्हटलं. जन्मठेप झाली.

संध्याकाळी बरखेड्याहून रसिकाचा फोन आला. तिला दिवस गेले होते. "सासूबाई विचारतायत, तुमच्या खानदानातच आहे का हे? तेव्हा बाबांचा हात धरला नाहीस, आई. आणि आता आमचं रक्तच नासकं म्हणून शपथेवर सांगून आलीस."

तुरुंगातल्या पहिल्या भेटीत विक्रांत जाळीपलीकडून म्हणाला, "पहिल्या फटक्यालाच गोविंद खाली बसला होता. हात जोडले त्यानं. मी थांबलो होतो, आई. मग दुसरा मारला."

"वकिलांना सांगितलंस हे?"

"नाही. तू साक्ष देत होतीस तेव्हा आठवलं, बाबापण मधे असेच थांबायचे. दम खायला."

काही दिवसांनी रसिकानं पुन्हा फोन केला. "डॉक्टरांना विचारलं, बाळाची तशी तपासणी होते का. ते म्हणाले, कळून करणार काय?"

"कुणाला हात उगारू देऊ नकोस त्याच्यावर," नलिनीबाई म्हणाल्या. "तुझा नवरा असला तरी."

रसिकानं फोन ठेवला.

तिला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं नाही, फोनवर फोटो तेवढा आला. पुढच्या भेटीत नलिनीबाईंनी विक्रांतला ही बातमी दिली.

"कुणासारखी दिसते?" त्यानं विचारलं.

"अजून कळत नाही," त्या म्हणाल्या.