ब्रेकचा मान

आमच्या बीडमध्ये पूल खेळताना पहिला फटका कोणी मारायचा, हे खेळावरून ठरत नाही, वयावरून ठरते. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन टेबलांचा एक हॉल आहे. न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झाल्यावर मी तेथे जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी माझ्या हाती क्यू, म्हणजे खेळायची काठी, ठेवण्यात आली. "काका, मान तुमचा." मान म्हणजे ब्रेकचा, पंधरा चेंडूंचा त्रिकोण फोडण्याचा. मी फटका मारला. तीन-चार चेंडू झोपमोड झाल्यासारखे हलले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

ही प्रथा हॉलमध्ये आणली एका गुत्तेदाराने. तो रस्ते आणि बंधारे बांधतो. त्याच्या प्रत्येक कामाचे भूमिपूजन होते. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या हाती कुदळ देतात, तो ती एकदा जमिनीला टेकवतो, फोटो निघतो, म्हाताऱ्याला खुर्चीवर बसवतात. मग यंत्र येते आणि खोदकाम सुरू होते. पूलच्या टेबलावर तो म्हातारा मी होतो. माझ्या फटक्याने काही घडावे, अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. मी बाजूला झालो की गुत्तेदार बाह्या सावरून खेळायला लागे.

अपमान मी पुष्कळ पाहिले आहेत. टाळ्या वाजवून केलेला हा पहिलाच.

एकदा मी त्याला म्हणालो, "तू मार."

"आसं कसं, काका? तुमी आसताना आमी? लोकं तोंडात शेण घालतील."

असा मान नाकारता येत नाही. तो काढून घेतला जावा, असेच काही करावे लागते. पूलमध्ये ब्रेक हा मोठा फायदा असतो. ज्याच्या ब्रेकला चेंडू पॉकेटमध्ये जातात, त्याला शहाणा माणूस ब्रेक फुकट देत नाही. गुत्तेदार मूर्ख नव्हता. माझा ब्रेक त्याला परवडू नये, एवढेच मला हवे होते.

म्हणून मी मोबाईलवर व्यावसायिक खेळाडूंचे सामने पाहू लागलो. हॉलमधली मंडळीही तेच सामने पाहत असत, पण त्यांनी उचलले होते ते अंग उसळणे, मागचा पाय हवेत उडवणे, आणि फटक्यानंतर क्यू भाल्यासारखा धरून उभे राहणे. फटक्याचे जे परिणाम, ते त्यांनी फटक्याचे कारण समजून पाठ केले होते. नांगरणाऱ्याचा घाम पाहून अंगावर पाणी शिंपडून घ्यावे, तसा तो अभ्यास. समालोचकांविषयी बोलायलाच नको. प्रत्येक ब्रेकला ते आग लागल्यासारखे ओरडतात आणि नेमके पाहायचे ते त्या ओरडण्यात निसटते.

प्रथम मीही हातच पाहिला. सकाळी हॉल रिकामा असतो. तसा हात मी चालवला, आणि पांढरा चेंडू टेबलावरून उडून खिडकीच्या गजांवर आदळला.

हॉलचा मालक झाडत होता. तो म्हणाला, "काका, खाली टायरवाला टकला हाय. त्येच्यावर ब्रेक करू नका."

मग मी एकच खेळाडू निवडला. बुटका, पोट सुटलेला, नाचगाणे न करणारा. त्याचे फटके मी अत्यंत धीम्या गतीने पुन्हा पुन्हा पाहिले. पत्नीने एकदा चष्मा वर करून मोबाईलमध्ये डोकावले.

"हा माणूस आजारी हाय का? लई हळू चालतोय."

मी तोच फटका पुन्हा लावला.

त्या माणसाचा हात पाहणे सोडून मी त्याचा पांढरा चेंडू पाहू लागलो, तेव्हा उलगडा झाला. फटक्यानंतर तो चेंडू कुठेही भटकत नसे. किंचित मागे सरून टेबलाच्या मध्यावर थांबे. याचा अर्थ तो पहिल्या चेंडूच्या बरोबर तोंडावर बसत होता. आधी सरळपणा, जोर नंतर. आणि फटक्यापूर्वी हा गृहस्थ वाकून त्रिकोण तपासत असे. दोन चेंडूंमध्ये केसाइतकी फट असली तरी जोर तिथेच मरतो. आमच्या हॉलमध्ये चेंडू त्रिकोणात लोटतात ते धान्य पोत्यात लोटावे तसे.

पावसाळा संपेपर्यंत मी सकाळी निम्म्याच जोराने मारत राहिलो. पांढरा चेंडू मध्यावर थांबू लागल्यावरच जोर वाढवला.

एका रविवारी संध्याकाळी गुत्तेदाराने नेहमीप्रमाणे क्यू पुढे केला. "घ्या काका. मान."

"आधी मांडणी पाहतो," मी म्हणालो. वाकलो. दुसऱ्या ओळीत फट होती. चेंडू पुन्हा लावले, बोटांनी मागून दाबले, त्रिकोणी चौकट अलगद उचलली.

"काका, ब्रेक करायचाय का मोती ववायचेत?"

सगळे हसले. मी मारले.

आवाज एकच झाला, लाकूड चिरल्यासारखा. दोन चेंडू पॉकेटमध्ये गेले, बाकीचे टेबलभर पसरले. पांढरा मध्यावर उभा. गुत्तेदाराने मालकाकडे पाहिले, जणू टेबलातच काही बिघाड होता.

"हे कसं काय झालं रे?"

"मला काय इचारतो? त्येंनी मारलं."

मी आणखी एक चेंडू घातला आणि पुढचा चुकवला. डाव त्यानेच जिंकला; तो खेळतो बरा, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या डावाला मी सवयीने हात पुढे केला. क्यू आला नाही. गुत्तेदाराने टेबलाच्या एका टोकाला दोन चेंडू शेजारी शेजारी ठेवले.

"या. लॅग मारू."

लॅग म्हणजे दोघांनी एकाच वेळी चेंडू समोरच्या कडेला मारायचा. ज्याचा परत येऊन आपल्या कडेच्या अधिक जवळ थांबेल, त्याचा ब्रेक.

"आणि मान?" मी विचारले.

"मान चहाला हाय की. हितं न्हाई."

आम्ही वाकलो, मारले. त्याचा चेंडू कडेला जवळजवळ चिकटला. माझा चार बोटे अलीकडे थांबला. त्याने माझ्याकडे न पाहता क्यूच्या टोकाला खडू घासला आणि ब्रेकला उभा राहिला. मी भिंतीशी जाऊन माझ्या पाळीची वाट पाहू लागलो.